वाफताईंची माती

ज्या खोलीत वाफताईंनी आयुष्याची एकतीस वर्षं काढली, तिला एकही खिडकी नव्हती. रुग्णालयाच्या तळघरातली लांबोडकी खोली. एका भिंतीत बसवलेली तीन पोलादी यंत्रं, प्रत्येकाचं दार माणसाच्या छातीएवढं आणि दारावर दोन्ही हातांनी फिरवायचं चाक. वरच्या मजल्यांवर शस्त्रक्रिया व्हायच्या. तिथल्या कात्र्या, चिमटे, हिरवी कापडं खाली यायची, धुतली जायची, कागदात बांधली जायची आणि ताईंच्या हवाली व्हायची. ताई ते गठ्ठे टोपल्यांत रचायच्या, दार लोटायच्या, चाक आवळायच्या आणि आत वाफ सोडायच्या. एकशे चौतीस अंश. ते गठ्ठे बाहेर यायचे तेव्हा त्यांच्यात जिवंत म्हणून काही उरलेलं नसायचं.

नावही तिथलंच. वरून नर्स फोन करायच्या, "वाफताईंना द्या हो जरा," आणि हळूहळू हजेरीपटावरचं नाव सगळे विसरले. ताईंनी लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी खोदून विचारलंच तर त्या म्हणायच्या, "दार लावलं की पाऊण तास उघडता येत नाही. स्थळं थांबत नाहीत तेवढी."

वाफेबद्दल मात्र त्या थट्टेने बोलायच्या नाहीत. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी यंत्रासमोर उभं करायच्या. "उकळतं पाणी हातावर पडलं तर भाजतं. वाफ लागली तर त्याहून कितीतरी जास्त भाजतं. का? कारण वाफेच्या पोटात उष्णता लपलेली असते. गार वस्तूला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि होता होता पोटातलं सगळं ती त्या वस्तूला देऊन टाकते. हातचं राखून काही ठेवत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. एकतीस वर्षं तीच गोष्ट पाहून त्यांचं नवल काही सरलं नव्हतं.

वाफेला वैरी एकच, हवा. गठ्ठ्याच्या घडीत कुठे हवा अडकून राहिली तर तिथे वाफ पोहोचत नाही, आणि तेवढा एक कोपरा गार राहतो. त्या गार कोपऱ्यात एखादा जंतू वाचला तर वर टेबलावर झोपलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ. म्हणून रोज सकाळी पहिल्या फेरीला ताई कापडाच्या गठ्ठ्याच्या मधोमध चाचणीचा एक कागद ठेवायच्या. कागद सगळीकडे सारखा काळा झाला तर ठीक. मध्ये फिकट डाग दिसला की त्या दिवशी ते यंत्र बंद, मग वरून कुणीही कितीही आरडाओरडा करो. "हवा म्हणजे वाफेची सवत," त्या म्हणायच्या. "एका घरात दोघी नांदायच्या नाहीत."

साठाव्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भाऊ आणि भावजय कार्नेशनची फुलं पिकवत. घरामागे प्लॅस्टिकच्या छपराची लांबच लांब शेड होती, तिच्यात कमरेच्या खाली येतील असे बांधीव वाफे, बत्तीस. प्रत्येक वाफ्यावर दोऱ्यांची जाळी ताणलेली, जाळीच्या एकेका चौकोनातून एकेक दांडा वर आलेला. सकाळी दोघं नवरा-बायको कात्री घेऊन आत शिरत आणि बादल्या भरून फुलं बाहेर आणत. ताईंनी आयुष्यात एवढा उजेड कामाच्या जागी पाहिला नव्हता. पहिले आठ दिवस त्या नुसत्या डोळे बारीक करून हिंडल्या.

नवव्या दिवशी त्यांना आजारी रोप दिसलं. एकाच अंगाची पानं राखाडी पडलेली, दुसरं अंग हिरवंगार. अर्धांगवायू झालेल्या माणसासारखं ते एका बाजूला कललेलं होतं.

"हे काय गं?" त्यांनी भावजयीला विचारलं.

भावजयीने रोप उपटलं, नखाने दांडा उभा चिरला आणि पुढे केला. आत तपकिरी रेघ होती, खालून वर गेलेली. "मर म्हणतात याला, ताई. आज हे एक आहे. महिन्याभरात वाफाच जाईल."

"औषध?"

"ओतून झालं. रोपं दोनदा बदलून झाली. नवी लावली की दोन-तीन महिने छान हसतात, मग हे." ती रोप पिशवीत कोंबत होती. "मातीतच आहे ते. माती बदलणार तरी किती?"

दोन दिवसांनी ताई तिच्याबरोबर मातीचा आणि दांड्यांचा नमुना घेऊन तपासणी केंद्रात गेल्या. तिथल्या मॅडम वयाने लहान, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं भरभर. त्यांनी काचपट्टी लावली, सूक्ष्मदर्शक नीट केला आणि म्हणाल्या, "या, बघा."

भावजय बघून मागे सरली. मग ताई वाकल्या. निळसर उजेडात जाड सालीचे गोल दाणे होते, काही एकेकटे, काही जोडीने. हलत नव्हते, काही करत नव्हते. दाराशी वाट बघत बसलेल्या माणसांसारखे नुसते होते.

"ही त्या बुरशीची झोपलेली रूपं," मॅडम म्हणाल्या. "रोप नसलं, पाणी नसलं, तरी ही वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. जवळ मूळ आलं की जागी होतात."

ताई बराच वेळ डोळा काढेनात. तळघरात त्यांनी अब्जावधी जंतू मारले असतील, पण त्यातला एकही कधी पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि त्यात भीती होती त्याहून आश्चर्यच जास्त होतं. एवढासा दाणा, पण बत्तीस वाफे आणि दोन माणसांची झोप त्याने खाऊन टाकली होती.

"उष्णतेने मरतो का हा?" त्यांनी विचारलं.

"मरतो की. मातीला वाफ देतात काही ठिकाणी."

ताई सरळ उभ्या राहिल्या. भावजय पुढे सांगायची की त्या क्षणी ताईंची पाठ पंधरा वर्षांनी तरुण झाली.

घरी भावाला सांगितलं तर तो आधी हसला. "ताई, वाफ सर्दी झालेल्या माणसाला देतात. मातीच्या डोक्यावरून टॉवेल कोण घेणार?"

"मी घेणार," ताई म्हणाल्या.

शहराच्या टोकाला एक मोठा धुलाई कारखाना बंद पडला होता. त्याचा चाकांवरचा छोटा बॉयलर अजून धड होता, आणि तो चालवणारा माणूस रोज येऊन त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसत होता. कपाळावर कायमच्या आठ्या, बोटं काळी, सगळे त्याला मामा म्हणत. ताईंचं बोलणं ऐकून त्याने नाक मुरडलं.

"मातीला वाफ? सगळे मामा म्हणतात म्हणून मामा बनवताय होय मला?"

ताईंनी वाद घातला नाही. त्या बॉयलरभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "तुमची वाफ ओली येते का कोरडी?"

मामाच्या आठ्या सैल झाल्या. बारा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो खुर्चीवरून उठला, त्याने आपणहून झडप उघडून दाखवली, आणि पुढचा तास दोघं वाफेबद्दल असे बोलत राहिले की भाऊ कंटाळून बाहेर जाऊन उभा राहिला.

तयारीला तीन आठवडे लागले. रोगट रोपं उपटून जाळली. माती वीतभर खोल खणून भुसभुशीत केली. ताई स्वतः हाताने ढेकळं फोडत होत्या, कारण ढेकळाच्या पोटात गार कोपरा राहणार हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. माती हलकी ओलसर ठेवली, चिखल नाही. वाफ्यावर भोकं पाडलेली नळी अंथरली, तिच्यावर उष्णता सोसणारं जाड कापड पसरलं आणि कडांना वाळूच्या पिशव्या लावल्या. मातीत तीन ठिकाणी लांब दांड्याचे तापमापक खुपसले. मॅडमनी आणखी एक युक्ती सांगितली होती, ती भावजयीने केली. वाफ्याच्या पार तळाशी, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तिने एक कच्चा बटाटा पुरला.

सकाळी सात वाजता मामाने झडप उघडली.

आधी नुसता फुसफुस आवाज. मग कापड एका टोकाला थरथरलं, उचललं गेलं, आणि बघता बघता सगळं कापड फुगत गेलं. वाफा लांबीभर उठला, जणू आत कुणीतरी मोठा श्वास घेऊन तो रोखून धरला होता.  भावाने हात लांब करून कापडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

तापमापकांचे काटे तासभर हलेचनात. भाऊ चुळबुळ करू लागला. "लागतेय ना वाफ?"

"लागतेय," ताई म्हणाल्या. "वरचा थर आधी पोट भरून घेतोय. तो भरला की मग खालच्याला देईल."

आणि तसंच झालं. वरचा काटा उठला, मग मधला, मग कितीतरी वेळाने खालचा. मातीत वाफ उतरताना दिसत नव्हती, पण ती उतरत होती, एकेका कणाजवळ थांबत, पाणी होत, सगळं देऊन टाकत. तळघरात पोलादाच्या दाराआड चालायचं तेच इथे उघड्यावर चाललं होतं, आणि त्या काट्यांकडे बघता बघता ताईंचे डोळे कधी भरून आले ते त्यांनाही कळलं नाही.

तेव्हाच भावजय ओरडली. "ताई, हे बघा!"

कापडाच्या कडेला, वाळूच्या पिशव्यांच्या फटीतून गांडुळं बाहेर येत होती. एक, दोन, मग दहा-बारा. गरम माती सोडून, वाफ्याच्या काठावरून खाली थंड फरशीवर पडत होती आणि वळवळत होती. ताई गुडघ्यांवर बसल्या. एकेक गांडूळ उचलून त्यांनी ओल्या मातीच्या बादलीत टाकलं. बादलीत शेवटी सतरा जमली. आत किती राहिली असतील याचा हिशोब त्यांनी मनातच केला आणि कुणाला सांगितला नाही.

दुपारी दीडला तळाचा काटा नव्वदावर गेला. अर्धा तास तिथेच ठेवून मामाने झडप बंद केली. कापड हळूहळू बसलं. भावजयीने कोपऱ्यातला बटाटा उकरून काढला. बोटाने दाबला तर मऊ, आरपार शिजलेला. मामा म्हणाला, "मीठ आणा रे कुणीतरी," आणि सकाळपासून ताणलेली सगळी माणसं खो खो हसत सुटली.

असे बत्तीस दिवस. बत्तीस वाफे.

वाफ दिलेली माती गार झाल्यावर काळीभोर आणि भुरभुरीत झाली. तिला शिजल्यासारखा गोडसर वास येत होता. या बत्तीसांतल्या पाचव्याच दिवशी ताई सकाळी शेडमध्ये गेल्या आणि दारातच थबकल्या. पहिल्या वाफ्यावर नारिंगी रंगाची साय पसरली होती. चमकदार नारिंगी, कुणी रंगाची पुडी उधळावी तशी.  एकतीस वर्षांत त्यांच्या हातून बाहेर पडलेल्या कुठल्याही वस्तूवर काही उगवलं नव्हतं.

मॅडम आल्या, पाहिलं आणि हसल्या. "घाबरू नका. ही बिचारी बुरशी रोपाला काही करत नाही. भाजलेल्या, उकडलेल्या मातीवर सगळ्यात आधी हीच येते. हिला रिकामी जागा आवडते. दोन आठवड्यांत आपोआप जाईल."

नारिंगी साय गेली. पण 'रिकामी जागा' हे दोन शब्द ताईंच्या मनातून जाईनात.

नवी रोपं लावली आणि ती अशी तरारली की भावजय रोज एकदा तरी दृष्ट लागेल म्हणून तोंडावर हात ठेवायची. पानं निळसर हिरवी, दांडे ताठ. दहा आठवडे सगळ्यांचा जीव भांड्यात. अकराव्या आठवड्यात नवव्या वाफ्याच्या कोपऱ्यावरचं एक रोप एका अंगाला कललं.

या वेळी महिनाही लागला नाही. पूर्वी मर वाफ्यात रेंगाळत, दमादमाने पुढे सरकायची. आता ती धावत सुटली. बारा दिवसांत नववा वाफा गेला, मग आठवा, मग दहावा. भावजय कुणाशी बोलेना. भाऊ एकदा चिडून म्हणाला, "या वाफेच्या नादी लागलो नसतो तर बरं," आणि लगेच गप्प झाला, कारण ताई मागेच उभ्या होत्या.

ताईंना आठवलं. लावणीच्या दिवशी पाण्याची रबरी नळी वाटेच्या कच्च्या मातीतून ओढत नेऊन नवव्या वाफ्याच्या कोपऱ्यावर त्यांनीच टेकवून ठेवली होती. वाटेला वाफ दिलेली नव्हती. नळीला चिकटलेली चिमूटभर माती, बस तेवढीच. तळघरात नव्या मुलीने असं काही केलं असतं तर त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. त्यांनी भावाला आणि भावजयीला समोर बसवून हे सांगून टाकलं. भावजय इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "ताई, नळी रोज मीच ओढते हो. त्या दिवशी तुम्ही होतात एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्या तपासणी केंद्रात गेल्या, एकट्याच.

"आधीपेक्षा जोरात का धावली?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"कारण अडवायला कुणी नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "मातीत या बुरशीचे हजार शेजारी असतात. कुणी तिला खातं, कुणी तिचं अन्न पळवतं, कुणी नुसती जागा अडवून बसतं. तुम्ही नव्वदच्या वर नेऊन सगळ्यांनाच मारलंत. सताड उघडं, रिकामं घर. पहिली शिरली तिचं राज्य."

"मी गठ्ठे कागदात बांधून द्यायचे," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "आत काही शिरायचं नाही. माती कशात बांधू?"

"शेजाऱ्यांत," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी एका कागदावर रेघा मारून समजावलं. ही बुरशी पासष्ट अंशांवर अर्ध्या तासात मरते. पण मातीतले कितीतरी चांगले जंतू त्या उष्णतेतही जाड कवचात तग धरून राहतात. तेव्हा शंभरावर न्यायचंच नाही. पासष्टावर थांबायचं.

"वाफ शंभराची असते. पासष्टावर थांबणार कशी?"

"तिच्यात हवा मिसळायची."

ताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय मिसळायची?"

"हवा. पंख्याने हवा सोडायची वाफेत. जेवढी हवा जास्त, तेवढं मिश्रण गार."

ताई खुर्चीतून उठल्या, नमस्कार केला आणि सरळ बाहेर पडल्या. वाटेत त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. हवा! एकतीस वर्षं जिला हाकलण्यात गेली, चाचणीच्या कागदावर जिचा एवढासा डाग दिसला तर यंत्र बंद, तिला आता आपल्या हाताने आत घ्यायची? घरी येऊन त्यांनी भावजयीला सांगितलं तेव्हा रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. भावजयीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, तिकडे माणसाच्या पोटात जायच्या वस्तू होत्या. तिथे कुणीच जिवंत नको होतं. इथे तर हवंय ना कुणीतरी?"

  ताई चपला घालून मामाकडे गेल्या.

मामाने कारखान्यातला कपडे वाळवायचा जुना पंखा काढला. भावाने जाळीच्या तळाचं लोखंडी खोकं बनवून घेतलं, अर्धा वाफा माती मावेल एवढं. जाळीखालून मिश्रण सोडायचं, ते मातीतून वर येणार. वाफेची झडप मामाच्या हातात, हवा कमी-जास्त करायची सरकती पट्टी ताईंच्या हातात, मध्ये तापमापक. पहिल्या दिवशी काटा कधी पंचावन्न, कधी ऐंशी. दोघांचं जोरदार भांडण झालं. "तुम्ही दामटताय," "तुम्ही पट्टी घट्ट धरून बसलाय, हवा सोडाच ना," असं संध्याकाळपर्यंत. ताईंचा हात हवेची पट्टी उघडायला खरंच धजत नव्हता. ती सवय बोटांत मुरलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि पट्टी पुरती उघडली. काटा खाली आला, डुगडुगला आणि पासष्टावर येऊन उभा राहिला.

पुढे जे झालं ते पाहून मामासुद्धा टोपी काढून उभा राहिला. खोक्यात तीन तापमापक होते, खाली, मध्ये, वर. खालचा काटा चढत चढत पासष्टाला आला आणि थांबला. एक रेघही पुढे नाही. मग मधला चढला, पासष्टाला आला, थांबला. मग वरचा. जेवढी उष्णता आत सोडली त्याहून मातीचा एक कण जास्त तापला नाही, की एक कण मागे राहिला नाही. मातीच्या अंधारात ती ऊब रांगेने, शिस्तीत वर चढत गेली होती. अर्ध्या तासाने वाफ बंद करून नुसती हवा सोडली, तर काही मिनिटांतच माती हात घालण्याइतकी निवली.

"सवती नांदल्या म्हणायच्या," भावजय म्हणाली. ताईंना हसू आलं.

मॅडमनी तीन नमुने मागून घेतले होते. आठ दिवसांनी त्यांनी फोन केला. दोघी गेल्या तेव्हा टेबलावर तीन काचेच्या बशा मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत जेलीसारखा गोठलेला पारदर्शक थर.

"ही कच्ची माती." पहिली बशी गच्च भरली होती, सगळीकडे जांभळट-गुलाबी कापूस, त्यात मरीची बुरशी ठळक. "ही आधीच्या पद्धतीने उकळून काढलेली." दुसरी बशी आरशासारखी स्वच्छ. ताईंच्या आयुष्यभराचं काम त्या बशीत होतं. "आणि ही तुमची पासष्टाची."

तिसऱ्या बशीत गुलाबी कापूस नव्हता, एक तंतूसुद्धा नाही. पण ती रिकामीही नव्हती. मलईच्या रंगाचे गोल ठिपके, सुरकुत्या पडलेले, काही चमकते, काही कोरडे खडूसारखे, एकेकाभोवती आपापली जागा राखून बसलेले. मॅडमनी खडूसारख्या एका ठिपक्याकडे बोट दाखवलं. "या जातीच्या काही जंतूंमुळेच पावसानंतर मातीला वास येतो." मग त्यांनी चौथी बशी काढली, ती त्यांनी मुद्दाम केली होती. तिसऱ्या बशीतला एक ठिपका मध्ये लावून बाजूला मरीची बुरशी पेरलेली. बुरशी वाढत वाढत ठिपक्याच्या दिशेने आली होती आणि बोटभर अंतरावर थांबली होती. भोवती स्वच्छ गोल कडं, जणू कुणी कंपासने काढलेलं.

"थांबवलंय त्याने तिला," मॅडम म्हणाल्या.

ताईंनी बशी दोन्ही हातांत धरली. वाफेतून जिवंत बाहेर पडलेलं काहीतरी त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या, आणि ते वाचलं ते त्यांनी वाचवलं होतं. त्या दिवशी परतताना त्या भावजयीला एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं वाफेला फक्त मारता येतं."

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. बत्तीस वाफ्यांची माती खोक्याखोक्याने काढून, वाफ-हवा देऊन परत भरायला दोन महिने लागले. वाटांवरची मातीही या वेळी सोडली नाही. शेडच्या दाराशी पाय धुवायची परात आली, आणि तिच्यात पाय न बुडवता भाऊ एकदा आत शिरला तेव्हा ताईंनी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारून बाहेर काढलं. चांगलं कुजलेलं खत मिसळलं. पुढच्या हंगामात मरीने रोपं गेली, नाही असं नाही, सगळी मिळून चाळीसेक. पण जिथे रोप गेलं तिथेच ती थांबली. शेजारचं रोप ताठ उभं. भावजय पुन्हा गाणं गुणगुणत फुलं कापू लागली. तिचा सूर धड नसायचा, पण कुणी तक्रार केली नाही.

मग आजूबाजूचे फुलंवाले, रोपवाटिकावाले बघायला येऊ लागले. ताई आणि मामांनी खोकं एका गाड्यावर बसवलं, मागे बॉयलर जोडला, आणि हे दोघं साठी उलटलेले वाफवाले गावोगाव हिंडू लागले. अजूनही झडप आणि पट्टीवरून त्यांचं भांडण चालतं. बघणाऱ्यांना वाटतं आता तुटणार, पण संध्याकाळी चहा एकाच थर्मासमधून घेतात.

परवा एका नव्या रोपवाटिकेत पहिली खेप उतरवली. मालक तरुण, घाईतला, फोनवर फोन. त्याने विचारलं, "झालं ना सगळं साफ? काही जिवंत नाही ना राहिलं?"

ताईंनी खोक्यातली कोमट माती ओंजळीत घेतली आणि त्याच्या ओंजळीत ओतली.

"जगात जेवढी माणसं आहेत ना," त्या म्हणाल्या, "त्याहून जास्त जीव आत्ता तुमच्या हातात आहेत. आपल्याला नको होते तेवढेच गेलेत. बाकीचे पोहोचलेत इथपर्यंत."

तरुण हसला. मग त्याने ओंजळीकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. खिशात फोन वाजत होता. तो ओंजळ तशीच छातीशी धरून उभा राहिला, हळू पावलांनी वाफ्यापर्यंत चालत गेला आणि खाली वाकून ती माती, एक कणही न सांडता, जागेवर ठेवली.